डब्यावर नंबर कुणाचा?



या आठवड्याच्या गप्पा एका पत्रावरून. आठवीतल्या एका मैत्रिणीनं ते पाठवलंय. 'माझं नाव छापू नका' हे वाक्य तिनं दोनदा अधोरेखित केलंय, म्हणून नाव छापत नाही. पत्र असं आहे :

'माझी आई गेली तीन वर्षं ओळखीच्या लोकांना दिवाळीचा फराळ करून देते. यंदा पहिल्यांदाच डब्यांवर लावायला लेबलं छापायची आहेत. पाचशे! नाव ठरलं, पणतीचं चित्र ठरलं. फोन नंबरावरून मात्र घरात आठ दिवस वाद चाललाय. बाबा म्हणतात, माझा नंबर टाका, बाईमाणसाचा नंबर चारचौघांत कशाला? पण बाबा कारखान्यात असतात आणि तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आई म्हणते, टाका कुणाचाही, फराळ तर मीच करणार आहे! मी म्हटलं, माझ्याकडे जुना फोन आहे, माझा नंबर टाका. तर दोघंही हसले. काय करावं?'

पत्र छोटं आहे, पण प्रश्न मोठा आहे बरं का! आईचं ते वाक्य पुन्हा एकदा वाचा. 'टाका कुणाचाही, फराळ तर मीच करणार आहे.' काम आईचं, चव आईची, मग गिऱ्हाईक फोन कुणाला करणार? चला, जरा मुळापासून बघू.

फोनला नंबर आले कुठून?

अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८७६ साली टेलिफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा फोनला नंबर नव्हते. फोन उचलायचा आणि एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला सांगायचं, 'मला अमक्या डॉक्टरांशी बोलायचंय.' ऑपरेटरला गावातली सगळी नावं पाठ! मग १८७९ साली अमेरिकेतल्या लॉवेल गावात गोवराची साथ आली. तिथल्या मोझेस ग्रीली पार्कर नावाच्या डॉक्टरांना काळजी पडली, की सगळे ऑपरेटर एकदम आजारी पडले तर? बदली माणसांना एवढी नावं कशी पाठ होणार? त्यापेक्षा प्रत्येकाला एक नंबर द्या, असं त्यांनी सुचवलं. फोनच्या नंबरांची गोष्ट सुरू झाली ती अशी, गोवराच्या भीतीनं!

दुसरी गोष्ट तर थेट धंद्याचीच आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्रोजर नावाचा एक माणूस अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा व्यवसाय करायचा. त्याचं गिऱ्हाईक एकाएकी कमी झालं. सांगतात असं, की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती गुपचूप नवऱ्याकडे जोडून द्यायची! खरं-खोटं काही असो, स्ट्रोजरला मात्र तसा पक्का संशय होता. तो चिडला आणि मधल्या माणसाची गरजच संपवायची असं त्यानं ठरवलं. ऑपरेटरशिवाय आपोआप फोन जोडणारं यंत्र त्यानं बनवलं. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी ला पोर्ट या गावात असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं.

आता सांगा, यातून काय कळलं? फोन कुणाच्या हाती लागतो, त्यावर गिऱ्हाईक कुणाचं ते ठरतं!

'पी. पी.' म्हणजे काय रे भाऊ?

घरात जुन्या लग्नपत्रिका किंवा व्हिजिटिंग कार्डं असली तर बघा. काही नंबरांपुढे कंसात 'पी. पी.' असं छापलेलं दिसेल. तेव्हा घरी फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. म्हणून लोक शेजारच्यांचा नंबर छापायचे आणि पुढे 'पी. पी.' लिहायचे. म्हणजे नंबर शेजारच्यांचा, पण काम आमच्याकडे. शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, 'अहो, तुमचा फोन आलाय!' आणि माणूस हातातलं काम टाकून धावत सुटायचा.

आता बाबांच्या नंबराचा विचार करा. सकाळी ११ वाजता कुणीतरी फोन करणार, 'चकली तिखट आहे का हो? बिनसाखरेचे लाडू मिळतील? शनिवारपर्यंत चार डबे होतील?' फोन लॉकरमध्ये वाजतोय! बाबा संध्याकाळी सात मिस्ड कॉल बघणार. मग त्यांना फोन करणार आणि म्हणणार, 'थांबा हं, मिसेसना विचारून सांगतो.' हा तर पी. पी. पेक्षा वाईट प्रकार झाला. तिथे निदान काकू हाक तरी मारायच्या!

म्हणून पहिला नियम असा : ज्याला प्रश्नांची उत्तरं येतात आणि ज्याला फोन उचलता येतो, नंबर त्याचा. मैत्रिणीच्या घरी असं माणूस एकच आहे. आई.

पण बाबांचंही थोडं ऐका

बाबांची काळजी अगदीच फुकट नाही. लेबलावरचा नंबर पाचशे अनोळखी स्वयंपाकघरांत जाणार. आईच्या आत्ताच्या नंबराला काय काय चिकटलंय ते मोजा. बँकेचं खातं, गॅसचं बुकिंग, शाळेचा ग्रुप, मावश्या, माम्या. त्याच फोनवर रात्री साडेअकराला 'शेव संपली का?' असा फोन यायला लागला तर आईनं झोपायचं कधी?

पण यावर उपाय आईचा नंबर लपवणं हा नव्हे. उपाय आहे आईचा दुसरा नंबर. फक्त धंद्याचा! आजकाल पुष्कळ फोनमध्ये दोन सिम चालतात, म्हणजे नवा फोनही घ्यायला नको. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप २०१८ पासून आहे. एक नंबर एका वेळी साध्या व्हॉट्सॲपवर तरी चालतो किंवा धंद्याच्या, दोन्हीकडे नाही. म्हणूनही वेगळा नंबर सोयीचा. रात्री आठनंतर धंद्याचं सिम बंद ठेवलं, की आई आपली घरची.

आणि हे सिम आईच्याच नावावर घ्यायचं. का? फोन हरवला आणि त्याच नंबराचं नवं सिम हवं झालं, तर ज्याच्या नावावर नंबर त्यालाच ओळखपत्र दाखवावं लागतं. शिवाय नंबर ही धंद्याची मालमत्ता आहे, जशी मोठी कढई किंवा वजनकाटा. उद्या फोन कंपनी आवडली नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाली. जुलै २०१५ पासून तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं तरी नंबर बरोबर नेता येतो. म्हणजे आज घेतलेला नंबर आई आणखी वीस वर्षंही वापरू शकेल. तो तिच्या नावावर नको?

आमच्या मैत्रिणीचा नंबर मात्र बाद! अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी सिम आपल्या नावावर मिळत नाही. आणि बीजगणिताच्या तासाला 'करंज्या किती किलो?' असं विचारणारा फोन आला तर बाई काय म्हणतील?

लँडलाइन चालेल का?

चालेल की! लँडलाइनचा एक गुण मोबाइलला नाही. नंबर बघूनच गाव कळतं. ०२२ म्हणजे मुंबई, ०२० म्हणजे पुणे, ०२३१ कोल्हापूर, ०२३५२ रत्नागिरी, ०८३२ गोवा. 'हे दुकान इथलंच आहे, उद्या गायब होणार नाही' असं गिऱ्हाइकाला वाटतं. मोबाइलवरून हे कळत नाही.

इथे एक कोडं घाला बरं घरातल्यांना. मुंबईचा लँडलाइन नंबर आठ आकडी, कोल्हापूरचा सात आकडी आणि रत्नागिरीचा सहा आकडी. असं का? सुरुवातीचं शून्य सोडून गावाचे आकडे मोजा. मुंबई २२, म्हणजे दोन आकडे. २ अधिक ८, दहा. कोल्हापूर २३१, म्हणजे तीन. ३ अधिक ७, दहा. रत्नागिरी २३५२, म्हणजे चार. ४ अधिक ६, पुन्हा दहा! मोबाइलही दहा आकडी. देशात कुठेही जा, बेरीज दहाच.

घरात लँडलाइन असेल आणि आई दिवसभर घरीच असेल, तर तो नंबर उत्तमच. नसेल तर फक्त यासाठी नवी घेण्याची घाई नको. पुढे आईचं दुकान झालं की बघू. आणि त्या मोठ्या कंपन्यांचे १८०० नं सुरू होणारे नंबर? त्यांत फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, कंपनी भरते. पाचशे डब्यांना तो थाट कशाला!

दिवाळी संपली, आता सिम ठेवा खणात?

थांबा! खरा धोका इथे आहे. फराळाचा धंदा दोन महिन्यांचा. नंतर पुष्कळ जण धंद्याचं सिम काढून खणात टाकतात. रिचार्जही करत नाहीत. 'पुढच्या दसऱ्याला बघू!' पण प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. आणि बंद झालेला नंबर, आणखी निदान ९० दिवस गेले की, दुसऱ्या कुणालाही देता येतो.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. रिकामा डबा कुणी टाकत नाही. त्यात पोहे भरतात, शेंगदाणे भरतात. लेबल तसंच राहतं. पुढच्या ऑक्टोबरात एक आजी डबा फिरवून नंबर लावतात, 'अहो, गेल्या वर्षीसारखेच रव्याचे लाडू पाठवा.' आणि पलीकडून भलताच माणूस म्हणतो, 'राँग नंबर!' आजी दुसरीकडे लाडू घेतात. आईला कळतही नाही, की आपलं गिऱ्हाईक गेलं. चव आवडली होती, भाव परवडला होता. नुसता नंबर मेला होता!

'पण वर्षभर रिचार्जचा खर्च?' असं बाबा म्हणतील. गणित मांडा. समजा, वर्षाला २,००० रुपये लागले. डबे ५००. भागाकार केला की एका डब्यामागे ४ रुपये. लेबलाचे पैसे जसे डब्याच्या किमतीत धरतो, तसेच हेही धरायचे. आणि अधूनमधून त्या नंबरावरून एखादा फोन करायचा. आजीला केला तरी चालेल. आजी खूष आणि नंबरही जिवंत!

पाठ होईल असा

सिम घेताना दुकानदार चार-पाच नंबर दाखवतो. त्यातला कोणता घ्यायचा? हा खालचा आकडा एकदाच वाचा आणि मान वर करून म्हणून दाखवा :

१९४७१९५०६०

जमलं नाही? आता असा वाचा : १९४७ – १९५० – ६०. स्वातंत्र्य, प्रजासत्ताक आणि महाराष्ट्र राज्य! (घाबरू नका, हा कुणाचाही फोन नंबर नाही. आपल्याकडे मोबाइल नंबर १ नं सुरू होत नाहीत.) दहा सुटे आकडे लक्षात ठेवणं अवघड, तीन तुकडे सोपे. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५६ साली एका प्रसिद्ध लेखात हेच मांडलं, की माणसाच्या डोक्यात एका वेळी साधारण सातच गोष्टी मावतात, एक-दोन इकडे-तिकडे. पण आकड्यांची पुडकी बांधली की एकेक पुडकं ही एकच गोष्ट होते.

याचं सगळ्यात छान उदाहरण आपल्या मुंबईतलं. १९९६ साली जेरू बिलिमोरिया यांनी अडचणीतल्या मुलांसाठी 'चाइल्डलाइन' सुरू केली. तिचा नंबर १०९८. 'वन-झीरो-नाइन-एट' म्हणून बघा, रटाळ वाटतं. पण हिंदीत म्हणा, 'दस-नौ-आठ'! उलटी मोजणी, जिभेवर नाचणारी. अक्षर न येणाऱ्या पोरालाही पाठ होणारी. कुणी मूल संकटात दिसलं तर तुम्हीही हा नंबर फुकट फिरवू शकता.

नंबर कानाला कसा वाटतो तेही तपासा. सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव. घाईत ऐकलं तर चौघांतला कोणता ते ओळखा पाहू! मराठीत आणखी एक गंमत आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, पण लिहायचा असतो दोन आधी. म्हणून फोनवर नंबर सांगताना आकडे सुटे सांगावेत, 'दोन, पाच'. इंग्रजीत सांगितला तर 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच वाटतात. विमानाचे वैमानिक तर या घोटाळ्यासाठीच रेडिओवर 'नाइन' ऐवजी 'नाइनर' म्हणतात.

आणि डोळ्यांना? लेबल सुंदर मराठीत असावं, पण नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत छापा. आपला १ परप्रांतीय माणसाला इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठसारखा! फोनच्या बटणांवर इंग्रजी आकडे असतात, तेच लेबलावर बरे. फराळ परदेशी जाणार असेल तर नंबराआधी +९१ ही टाका, म्हणजे अमेरिकेतल्या आत्यालाही पुढच्या वर्षीची ऑर्डर देता येईल.

छपाईच्या आधी आणि नंतर

छापखान्यातून नमुना आला की एक काम कराच. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून, नमुन्यावरचा एकेक आकडा बघून नंबर लावा. पाठ असलेला नको! पाठ नंबर लावताना डोळे फसवतात. आईचा फोन वाजला, मगच म्हणायचं, 'छापा!'

नंबर देणं ही नुसती जाहिरातही नाही. पाकिटबंद वस्तू विकताना, तक्रार असेल तर कुणाशी बोलायचं त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि ई-मेल छापावं लागतं, असं २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम सांगतात. म्हणजे नंबर हे वचन आहे : 'लाडू खवट निघाला तर मला सांगा, मी उत्तर देईन.'

आणि घरातल्या मुलांनो, फोन कधीतरी तुम्हीच उचलणार. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा :

१. फोनजवळ वही-पेन्सिल ठेवा. नाव, नंबर, काय हवं, किती, कधी. लिहून झालं की वाचून दाखवा.

२. भाव माहीत नसेल तर ठोकून देऊ नका. 'आई तुम्हाला फोन करेल' म्हणा.

३. 'आई बाहेर गेलीय, मी एकटीच आहे' हे अनोळखी माणसाला कधीही सांगू नका. 'आई कामात आहे' एवढं पुरे.

४. 'ऑर्डरचे पैसे पाठवतो, तुमचा ओटीपी सांगा, पिन टाका' असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही! चुकून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सरकारी मदत क्रमांकावर कळवायला मोठ्यांना सांगा.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : नवं सिम, आईच्या नावावर, वर्षभर चालू. लेबलावर नंबर छापा आणि शेजारी 'सकाळी १० ते रात्री ८' अशी वेळ. बाबांना सांग, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फोन उचलायची पाळी तुमची! आणि हो, नंबराच्या वर आईचं नाव छापायला विसरू नका. पूर्ण नाव. 'फराळ तर मीच करणार आहे' असं ती म्हणाली होती ना? मग ते पाचशे घरांना कळू दे.

या आठवड्याचा उद्योग

घरातली पाच पाकिटं घ्या – बिस्किटं, मसाला, साबण, काहीही. प्रत्येकावरचा तक्रारीचा नंबर शोधा. लँडलाइन आहे, मोबाइल आहे की १८००? सापडायला किती सेकंद लागले तेही लिहा. मग घरातल्या एका मोठ्या माणसाला तुमचा नंबर एकदाच म्हणून दाखवा आणि न बघता लिहायला सांगा. चुकला तर कुठे चुकला, ते आम्हाला कळवा.

पुढच्या आठवड्यात : लेबलावर आणखी काय काय असतं? तोवर पाकिटं फेकू नका!